पुल्ड चिकन घरी: कुकर, पातेलं, ओटीजी की अगाशीवरची शेगडी?

बार्बेक्यू पुल्ड चिकन, म्हणजे मऊ शिजवून धागे ओढलेलं आणि सॉसमध्ये घोळलेलं चिकन, घरी करायचं ठरलं की बहुतेकांची पहिली चौकशी धुराची असते. कुठली शेगडी घ्यावी, कोळसा कुठून आणावा, झाकणाचा ग्रिल परवडेल का. बडोद्यातल्या घरांना माझा सल्ला असा, की धुराचा विचार सगळ्यात शेवटी करा. धूर अखेरच्या पाच मिनिटांतही देता येतो, पण शिजताना मांसातून निघून गेलेला रस कितीही सॉस ओतला तरी परत येत नाही. म्हणून कुकर, पातेलं, ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आणि शेगडी या चौघांना मी एकाच कसोटीवर लावते: मांस मऊ होईपर्यंत रस कोण सांभाळतं, आणि भांड्यात उतरलेला रस परत मांसात जिरवायची सोय कोण ठेवतं.

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगते. फ्लॅटमध्ये राहत असाल आणि चार-पाच माणसांचं जेवण असेल तर कुकर घ्या, आणि शेवटी ओटीजीच्या वरच्या कॉइलखाली ट्रे सरकवा. ओटीजी नसेल तर जाड बुडाचं पातेलं. शेगडी फक्त त्यांनी, ज्यांचं स्वतःचं टेनामेंट (छोटं स्वतंत्र घर) किंवा स्वतंत्र अगाशी, म्हणजे गच्ची, आहे आणि ज्यांना एका वेळी तीन किलोच्या आसपास चिकन करायचं आहे.

अमेरिकेच्या दक्षिण भागात हा प्रकार मुळात डुकराच्या खांद्याचा. चिवट मांस लाकडाच्या धुरात, मंद आचेवर दहा-बारा तास ठेवायचं आणि धागे सुटायला लागले की ओढून सॉसमध्ये घोळायचं. कोंबडीला एवढा वेळ लागतच नाही, तास-दीड तासात काम होतं. त्यामुळे तिथल्या पाककृतींतले तास आणि तिथली यंत्रं जशीच्या तशी उचलायचं काही कारण नाही.

आधी मांस ठरवा, भांडं नंतर

लेग की ब्रेस्ट, हा निर्णय भांड्यापेक्षा मोठा आहे. मी नि:शंकपणे लेगच्या बाजूची. पायाचे स्नायू जास्त काम करतात, म्हणून त्यांत चरबीही जास्त आणि स्नायू बांधून ठेवणारं कोलॅजनही जास्त. ७० अंश सेल्सिअसच्या पुढे हे कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, आणि पुल्ड चिकनच्या धाग्यांवर जो चिकट, ओलसर मुलामा लागतो तो याच जिलेटिनचा. अमेरिकेच्या कृषी खात्यानं कोंबडीसाठी सुरक्षित म्हणून ठरवलेलं तापमान ७४ अंश आहे. लेग ७४ ला खाण्याजोगा होतो, पण ओढायला गेलात तर हाडाला धरून बसतो. ८५ ते ९० अंशांपर्यंत नेला की हात लावताच सुटतो आणि तरीही कोरडा पडत नाही.

ब्रेस्टचं नेमकं उलटं आहे. त्यात विरघळायला फारसं काही नाहीच. ७४ अंशांना काढलात तर ठीक. ८५ ला नेलात तर तुटक, खरखरीत धागे हाती येतात. व्यायामासाठी हिशेबानं जेवणारी मंडळी घरात असतात आणि त्यांना ब्रेस्टच हवा असतो, हे मला मान्य आहे. अशा वेळी ब्रेस्ट वेगळा, मिठाच्या पाण्यात उकळी न आणता शिजवा आणि तयार लेगमध्ये मिसळा. निम्मं-निम्मं केलं तर लेगचा रस ब्रेस्टलाही तारून नेतो. कुकरमध्ये मात्र ब्रेस्ट टाकू नका.

गावरान कोंबडी या कामाला नको. तिचा रस्सा अप्रतिम होतो, पण तिचे धागे घट्ट आणि शिजायला वेळ दुप्पट. पाच-सहा आठवड्यांचा ब्रॉयलर इथे खरोखर चांगला.

दुकानात मात्र आधी बोलावं लागतं. आपल्याकडे चिकन म्हणजे रश्श्याचे तुकडे हे गृहीतच असतं, त्यामुळे वजन झालं की सुरी लगेच चालू होते. तराजूवर ठेवायच्या आधीच सांगा, की अख्खे लेग हवेत, मांडीसकट, सांध्यातूनही तोडू नका. बारीक तुकडे केलेल्या मांसातून रस दहा ठिकाणांहून निसटतो, आणि ओढताना हाडांच्या कपच्या निघतात त्या वेगळ्याच. लहान मुलं जेवणार असतील तर एवढ्या एका कारणासाठीही अख्खा लेगच घ्यावा. कातडी काढलेले असे चार-पाच लेग एका किलोत बसतात, आणि हाडं जाऊन, शिजून, साधारण अर्धा किलो धागे मिळतात. एका पावाला १०० ग्रॅम धरले तर किलोभर लेग पाच पावांचे. सहावा पाहुणा असेल तर दीड किलो आणा.

मीठ आदल्या रात्री लावून ठेवा, किलोला १२ ते १५ ग्रॅम. चारही पद्धतींना हे सारखंच लागू आहे. रात्रभरात मीठ आतपर्यंत जातं आणि शिजताना पाणी कमी सुटतं.

कुकर

कुकरच्या बाजूनं पहिली गोष्ट वेळेची. शिट्टीच्या दाबाला आत साधारण १२० अंश तापमान असतं, त्यामुळे एरवी तासभर घेणारं कोलॅजन १२-१५ मिनिटांत विरघळतं. भाजणं, शिजवणं, ओढणं, सॉस आटवणं, सगळं धरून तासाभरात पान वाढता येतं. ऑफिसातून आल्यावर करायचं असेल तर दुसरा पर्याय नाही.

दुसरी गोष्ट आपल्या घरांची. बऱ्याच मराठी घरांत मांसाहाराची भांडी वेगळी असतात, आणि त्या वेगळ्या फळीवर एक जुना पाच लिटरचा कुकर असतोच. ओटीजीचं तसं नसतं. तो एकच असतो, त्यात नानकटाई होते, आजीच्या उपासाचे दाणे भाजले जातात. घरात कोणी पूर्ण शाकाहारी असेल तर कुकर निवडल्यानं अर्धा वाद सुरू व्हायच्या आधीच मिटतो.

आता उणी बाजू. कुकरमध्ये रस बाहेर जात नाही हे खरं, पण वाफेवर शिजलेलं मांस फिकं दिसतं आणि चवीलाही उकडल्यासारखं लागतं. त्यावर उपाय आधीच करायचा. लेग पुसून कोरडे करा, कुकरच्या तळाशी दोन चमचे तेल चांगलं तापवा आणि दोन-दोन लेग दोन्ही बाजूंनी खरपूस करून घ्या. चारही एकदम टाकले तर पाणी सुटतं आणि भाजण्याऐवजी ते वाफवले जातात. मग उभा चिरलेला कांदा, लसूण, अर्धी वाटी पाणी. तळाला धरलेलं तपकिरी खरवडून त्या पाण्यात सोडवून घ्या, अर्धी चव तिथेच आहे.

पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग आच बारीक करून १२ मिनिटं. शिट्ट्या मोजू नका. आच कमी-जास्त झाली की त्यांचा हिशेब चुकतो, घड्याळाचा चुकत नाही. गॅस बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्या. शिट्टी उचलून वाफ एकदम सोडली तर मांसातलं पाणी आतल्या आत खळखळून उकळतं आणि बाहेर पडतं. ज्यासाठी कुकर निवडला तेच घालवून बसायचं.

आणि बार्बेक्यू सॉस कुकरमध्ये आधी कधीच घालू नका. साखर, गूळ, केचप तळाशी बसून करपतात, आणि करपल्याचा वास पुढे कशानंही झाकत नाही. मांस शिजल्यावर लेग बाहेर काढा, कुकरमध्ये उरलेलं वाटी-दीड वाटी पाणी उघड्यावर आटवून अर्ध्या वाटीवर आणा आणि मग ते सॉसमध्ये मिसळा.

जाड बुडाचं पातेलं

ज्यांच्याकडे वेळ आहे आणि ओटीजी नाही, त्यांनी हे निवडावं. बडोद्यात पुष्कळ भागांत पाइपचा गॅस आहे, त्यामुळे तासभर मंद आच ठेवताना सिलिंडरची धाकधूक नाही. सगळ्यात लहान बर्नर, त्यावर जुना लोखंडी तवा, तव्यावर पातेलं, घट्ट झाकण. बिर्याणीला दम देतो तसंच. आत बुडबुडा अधूनमधून यावा, सतत उकळी नको. भाजून घेतलेले लेग ५० ते ६० मिनिटांत होतात.

पातेल्याचा खरा फायदा म्हणजे झाकण उघडून बघता येतं. कुकरमध्ये मांस किती झालं हा अंदाज असतो. इथे हाड धरून जरा पिळायचं. मांसाला न चिकटता ते जागच्या जागी फिरलं की झालं. फिरताना मांस ओढत असेल तर आणखी दहा मिनिटं. रसही डोळ्यांसमोर असतो, तो आटत आला की पाण्याचा हबका मारता येतो. पहिल्यांदाच करणाऱ्याला मी कुकरपेक्षा पातेलंच सुचवेन, कारण हाडाची ती फिरकी एकदा हाताला कळली की पुढे कुठल्याही भांड्यात अंदाज येतो.

ओटीजी

चवीचा विचार केला तर घरातल्या घरात सगळ्यात चांगलं चिकन ओटीजीत होतं. वेळ मात्र सव्वादोन तास धरा. खोलगट ट्रेमध्ये कांद्याच्या चकत्या, वर लेग, अर्धी वाटी सफरचंदाचा रस किंवा पाणी, आणि वरून फॉइल अगदी घट्ट. १५० अंशांवर ७५ ते ९० मिनिटं. फॉइलची कड कुठे उघडी राहिली की रस वाफ होऊन जातो, तेवढं एक सांभाळायचं. शेवटी फॉइल काढून २०० अंशांवर दहा मिनिटं.

यात कुकरला न जमणारी एक गोष्ट होते. ओढलेले धागे सॉसमध्ये घोळून ट्रेवर पातळ पसरा आणि फक्त वरची कॉइल चालू करून ६ ते ८ मिनिटं ठेवा. टोकं काळपट, चिवट-कुरकुरीत होतात, आतला भाग ओलाच राहतो, आणि सॉसमधली साखर धाग्यांना चकाकी आणते. समोर उभं राहून बघत राहा, शेवटच्या एका मिनिटात रंग झपाट्यानं बदलतो. कुकरमध्ये शिजवून एवढंच काम ओटीजीकडे दिलं तर दोघांचं उत्तम ते मिळतं, आणि ज्या घरात ओटीजी शाकाहारी ठेवायचा आहे तिथे हेच काम गरम लोखंडी तव्यावर, न ढवळता तीन-चार मिनिटं पसरून ठेवलं तरी बऱ्यापैकी जमतं.

विजेची काळजी फार करू नका. १५०० वॉटचा ओटीजी दीड तास अखंड चालला तरी सव्वादोन युनिट होतात, आणि थर्मोस्टॅट मधूनमधून बंद होत असल्यानं प्रत्यक्षात त्याहून कमी. नवीन घेणार असाल तर २८-३० लिटरच्या खाली जाऊ नका. लहान ओटीजीत कॉइल मांसाच्या फार जवळ येते आणि फॉइलखालीही कडा सुकतात.

एअर फ्रायरबद्दल हल्ली सगळेच विचारतात. त्यात जोरात फिरणारी गरम हवा मांस सुकवण्याचंच काम करते. शेवटी टोकं कुरकुरीत करायला वापरा, शिजवायला नको.

शेगडी आणि झाकणाचा ग्रिल

खऱ्या बार्बेक्यूची चव इथे मिळते, यात वाद नाही. लाकडाचा धूर दीड तास मांसाभोवती फिरला की जे होतं त्याची बरोबरी फॉइल करू शकत नाही. पण रसाच्या कसोटीवर हीच पद्धत सगळ्यात धोक्याची आहे, आणि त्याला कारण आपली उघडी शेगडी.

उघड्या शेगडीवर मांस थेट निखाऱ्यांवर असतं. ते टिक्क्याला, सीखला ठीक. पुल्ड चिकनसाठी लेगच्या आतलं तापमान ८५-९० पर्यंत न्यायचं असतं. तोवर बाहेरचा भाग जळून कोळसा होतो. म्हणून झाकण हवंच. झाकणाचा गोल ग्रिल असेल तर उत्तम, नसेल तर मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं उपडं घालूनही चालतं. निखारे एका बाजूला लोटा, लेग दुसऱ्या बाजूला ठेवा, लेगखाली पाण्याचा ट्रे. झाकणाखाली १३० ते १५० अंश ठेवायचे. तास-सव्वा तास, मोठे लेग असतील तर दीड तास.

आपल्याकडचं चिकन कातडी काढलेलं असतं, ही शेगडीवर मोठीच अडचण. कातडीची चरबी मांसाचं रक्षण करते; ती नसेल तर तेलाचा हात आधी द्यावा लागतो आणि ४५ मिनिटांनी लेग दोन चमचे रसासकट फॉइलमध्ये गुंडाळून पुन्हा ठेवावे लागतात. धूर तसाही सुरुवातीलाच जास्त लागतो, मांस थंड आणि ओलसर असताना, त्यामुळे नंतर गुंडाळल्यानं चवीचं फारसं नुकसान नाही. शिजलेल्या मांसाच्या कडेला गुलाबी पट्टा दिसला तर घाबरू नका, तो कच्चेपणा नव्हे. धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसाला रंग देणाऱ्या मायोग्लोबिनला धरून ठेवतो, म्हणून तो रंग टिकतो. हाडाजवळचं तापमान मोजा आणि पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.

कोळसा लाकडाचाच हवा. इस्त्रीवाल्यांकडे मिळतो तो चालतो, पण लाकडी आहे ना एवढं विचारून घ्या; दगडी कोळशावर अन्न शिजवायचं नाही. गुजरातेत गांडा बावळाचा, म्हणजे वेड्या बाभळीचा, कोळसा मुबलक आहे, तो जड असतो, निखारा बराच वेळ टिकतो. दीड-दोन किलो एका खेपेला पुरतो. धुरासाठी वर आंब्याच्या किंवा पेरूच्या वाळलेल्या लाकडाच्या दोन-तीन ढलप्या. फळांच्या खोक्यांच्या फळ्या टाकायचा मोह आवरा. त्या बऱ्याचदा चिडाच्या असतात आणि राळेचा काळा, कडू धूर देतात. प्लायवूड आणि रंगवलेलं लाकूड तर अजिबात नाही.

जागेचा प्रश्न सगळ्यात मोठा. मांजलपूर, कारेलीबाग, गोत्री, कुठेही टेनामेंट असेल तर मागच्या चोकडीत (धुण्याभांड्यांच्या उघड्या जागेत) किंवा आपल्या अगाशीवर खुशाल करा. फ्लॅटच्या सामायिक अगाशीचा विचार मात्र शेजाऱ्यांसकट करायला हवा. उन्हाळ्यात तिथे कोणाच्या तरी खिचियांची (तांदळाच्या पापडांची) आणि बटाट्याच्या वेफरांची चादर पसरलेली असते. वरच्या मजल्यावर जैन कुटुंब असलं तर चिकनचा धूर त्यांच्या घरात भरणं मला तरी योग्य वाटत नाही. इतक्या पिढ्या आपण इथे शेजारधर्म पाळत आलो आहोत. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या लाकडी घरांत शेगडीला मी सरळ नाही म्हणेन. वाऱ्यानं उडालेली एक ठिणगी वाळलेल्या सागाच्या खांबाला पुरते.

आणि बाल्कनीत, बंद गॅलरीत, स्वयंपाकघरात धगधगती शेगडी कधीही नको. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोळे चुरचुरत नाहीत, आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत कळत नाही. खिडकी उघडी आहे म्हणून धोका टळत नाही.

डिसेंबर-जानेवारीत, संध्याकाळी गारवा असताना, दहा-बारा माणसं जमणार असतील तर शेगडीचा खटाटोप सार्थकी लागतो. पेटवण्यापासून पान वाढेपर्यंत अडीच-तीन तास जातात, आणि एवढे तास चार लेगसाठी घालवणं मला पटत नाही. उत्तरायणाच्या दिवशी मात्र हा बेत नको. अगाशीवर पतंग, पोरं, सगळीकडे मांजा, आणि शेजारी उंधियू-जिलबी. वासीच्या, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या, संध्याकाळी, पतंग उतरल्यावर, बघा.

धुंगार पुरतो का?

धुंगार म्हणजे निखाऱ्यावर तेल टाकून झाकणाखाली दिलेला धूर. माझ्या मते दहापैकी आठ घरांना तो पुरतो. धागे सॉसमध्ये घोळून झाले की मध्ये स्टीलची छोटी वाटी, तिच्यात लालबुंद निखारा, त्यावर अर्धा चमचा तेल, लगेच झाकण. तीन ते पाच मिनिटं, त्याहून जास्त ठेवलं तर कडवटपणा येतो. इथे तूप घालू नका. तुपाच्या धुराला दाल माखनीची आणि बिर्याणीची ओळख चिकटलेली आहे. बार्बेक्यू सॉसशी ती जुळत नाही. साधं तेल आणि निखाऱ्यावर चिमूटभर आंब्याच्या लाकडाचा भुसा, म्हणजे अगाशीवरच्या चवीच्या बरंच जवळ जाता येतं. निखारा गॅसच्या आचेवर चिमट्यात धरून पेटवता येतो, त्यासाठी शेगडी लागत नाही.

सॉस: बाटली की घरचा

बाटलीतला बार्बेक्यू सॉस बहुधा कॅन्सस सिटीच्या वळणाचा असतो: दाट, गोड, टोमॅटो आणि मोलॅसिसचा (उसाच्या मळीचा). तो वाईट नाही, पण त्यात तुमच्या चिकनचा रस नाही, आणि माझी कसोटी तर तीच आहे. बाटलीच वापरायची असेल तर आटवलेला अर्धी वाटी रस आणि दोन चमचे व्हिनेगर मिसळून पाच मिनिटं उकळा, लगेच फरक जाणवेल.

घरी करायला १५ मिनिटं लागतात. एक वाटी केचप, पाव वाटी सफरचंदाचं व्हिनेगर, तीन मोठे चमचे काकवी, किसलेला छोटा कांदा, लसणाच्या चार पाकळ्या, दोन चमचे काश्मिरी तिखट, एक चमचा मोहरीची पूड, एक चमचा ताजी मिरपूड, अर्धा चमचा जिरेपूड, लिंबाएवढ्या चिंचेचा पाव भाग कोळ, आणि तो आटवलेला रस. चिंच परकी वाटायचं कारण नाही. या पाककृतींत हमखास येणाऱ्या वूस्टरशायर सॉसमध्ये चिंच असतेच. मोलॅसिसच्या जागी काकवी तर मला अधिक आवडते, तिला उसाचा वास असतो आणि कडवटपणा कमी. केचपमध्ये साखर मुळातच भरपूर, म्हणून काकवी घालण्यापूर्वी चाखून बघा.

बऱ्याच अमेरिकन पाककृतींत बर्बन व्हिस्की नाहीतर बिअर असते. गुजरातेत १९६० मध्ये राज्य झालं तेव्हापासून दारूबंदी आहे, त्यामुळे ती ओळ आपल्यासाठी नाहीच. तिची उणीवही भासत नाही. काकवीचा दाटपणा आणि सफरचंदाच्या रसाची आंबटगोड चव ती जागा भरून काढते.

गोड सॉसचा कंटाळा येत असेल तर दुसऱ्या वाटा आहेत. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात टोमॅटो अजिबात न घालता व्हिनेगर, लाल मिरची आणि मीठ एवढ्यावरच काम भागवतात. साउथ कॅरोलायनात मोहरीचा पिवळा सॉस. आणि अलाबामातल्या डिकेटर गावात बॉब गिब्सन यांनी १९२५ च्या सुमारास मेयोनेज, व्हिनेगर आणि मिरीचा पांढरा सॉस सुरू केला, तो तर कोंबडीसाठीच प्रसिद्ध आहे. शेगडीवर धूर घेतलेल्या चिकनला माझी पसंती व्हिनेगरच्या सॉसला, कारण तिथे धूरच बोलला पाहिजे. कुकरच्या चिकनला मात्र काकवीचा दाट सॉस हवा; तिथे मांसाला बाहेरून आधाराची गरज असते. बडोद्याच्या जिभेला गोडसर चव लवकर भावते, म्हणून पाहुणे असतील तर हाच धरा.

सॉस एकदम ओतू नका. धागे गरम असतानाच दोन काट्यांनी ओढा, आधी नुसता रस शिंपडून जिरू द्या, मग निम्मा सॉस, आणि उरलेला टेबलावर वाटीत. फार बारीकही ओढू नका, बोटाच्या पेरापेक्षा लांब धागे राहिले की खाताना मांस खाल्ल्यासारखं वाटतं.

पाव ताजा लादीचा, शेव-उसळीबरोबर मिळतो तोच, आतून लोणी लावून तव्यावर खरपूस केलेला. गोड बन नको, सॉस आधीच गोड असतो. सोबत कोबी अगदी बारीक चिरून मीठ, व्हिनेगर, मिरी. एवढंच पुरे.

उरलं तर

यातही पद्धतींत फरक पडतो. कुकर आणि पातेल्यातलं चिकन फ्रिजमध्ये उत्तम टिकतं, कारण त्याच्याबरोबर रस असतो आणि थंड झाल्यावर तो जेलीसारखा धाग्यांभोवती बसतो. ओटीजीत टोकं कुरकुरीत केलेलं दुसऱ्या दिवशी चिवट होतं, म्हणून जेवढं वाढायचं तेवढंच कॉइलखाली ठेवा. शेगडीवरच्या चिकनचा धूर दुसऱ्या दिवशी जास्त जाणवतो. काहींना तो आवडतो, मला किंचित जड वाटतो.

शिजलेलं चिकन दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासात, आणि बडोद्याच्या एप्रिल-मे महिन्यांत ओट्यावर ठेवलेलं पातेलं म्हणजे हेच. उथळ डब्यात पसरून भरलं तर लवकर गार होतं. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. गरम करताना दोन चमचे पाणी किंवा रस घालून झाकण ठेवा, बारीक आचेवर, आतपर्यंत वाफ येईस्तोवर. सकाळच्या डब्याला द्यायचं असेल तर पोळीत कोबीसकट गुंडाळा, सॉस वेगळ्या छोट्या डबीत.